तिरप्या अक्षराचे वळण

मराठीत अक्षराविषयी बोलताना ‘वळण’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. रेघ जिथे वळते ते वळण. आणि हाताला लागलेली सवय, घडण, संस्कार हेही वळणच. ‘त्याच्या अक्षराला वळण नाही’ असे म्हणताना पंतोजींच्या मनात हे दोन्ही अर्थ असत. युरोपीय मुद्रणात ‘इटॅलिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि मराठी छापखान्यांत ‘तिरपा टाइप’ म्हणून रूढ झालेल्या अक्षराचा विचार करावयाचा, तर या शब्दापासून आरंभ करणे सोयीचे होईल. कारण प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे आहे की, इटॅलिक हे मुळात एक वळण आहे; आणि मराठीने जे उचलले तो केवळ कल आहे.

हा भेद वरवर पाहता मुद्रकांच्या कामाचा वाटेल. पण पदव्युत्तर प्रबंध वाचण्याचा ज्यांना प्रसंग येतो, त्यांना त्याचे गांभीर्य सहज पटेल. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीबोलीवर, तेथील दंडारीवर वा खडी गंमतीवर लिहिलेला एखादा प्रबंध उघडावा. त्यात प्रमाण मराठीतील ‘शेत’ हा शब्द उभा असतो आणि ‘बांधी’ हा शब्द तिरपा. ‘पाणी’ उभे, ‘पानी’ तिरपे. ‘डोळा’ उभा, ‘डोरा’ तिरपा. ज्या बोलीचा अभ्यास चालला आहे तीच प्रत्येक पानावर कललेली, आणि तिच्याविषयी बोलणारी भाषा मात्र ताठ. हा संकेत कोठून आला, त्याला आपल्या लिपीत काही आधार आहे काय, आणि तो पाळावा काय, हे प्रश्न संशोधनपद्धतीचे आहेत. निव्वळ शोभेचे नव्हेत.

इटॅलिकचा उगम व्हेनिसमध्ये झाला. आल्दुस मनुतियुस या प्रकाशकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफ्फो या कारागिराने ही अक्षरे कोरली आणि 1501 साली व्हर्जिलच्या काव्याची एक लहान, हातात मावणारी आवृत्ती संपूर्णपणे त्याच अक्षरांत छापली गेली. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. पहिली ही की, हे अक्षर कोणत्याही उभ्या अक्षराला कलवून तयार केलेले नव्हते. तत्कालीन इटलीतील विद्वान आणि दफ्तरातील लेखनिक जे जलद, सुबक, जोडते अक्षर लिहीत, त्याचे ते धातूतील रूप होते. दुसरी ही की, त्या वेळी ते कोणाचेही साहाय्यक नव्हते. आख्खे पुस्तक त्यात छापले जाई. जोर देणे, ग्रंथनाम दाखवणे, परकीय शब्द वेगळा काढणे ही कामे त्याच्याकडे नव्हती. मोठी अक्षरे तर त्यात उभीच असत. म्हणजे ज्या तिरपेपणाला आपण त्याचा प्राण समजतो, तो त्याच्या जन्मकाळी अर्धाच होता.

पुढे सोळाव्या शतकाच्या ओघात उभे रोमन अक्षर मुख्य झाले आणि इटॅलिक त्याच्या पंक्तीला दुय्यम म्हणून बसले. प्रस्तावना, अवतरणे, परभाषेतील शब्द यांच्यासाठी ते वापरले जाऊ लागले. या वापरांना अक्षराच्या स्वभावातून आलेली अपरिहार्यता नव्हती, तो रूढीचा भाग होता. इंग्रजी बायबलाच्या परंपरेत तर मूळ हिब्रू-ग्रीकमध्ये नसलेले, भाषांतरकाराने अर्थपूर्तीसाठी घातलेले शब्द इटॅलिकमध्ये छापण्याची चाल पडली. हे न जाणणारा वाचक त्या शब्दांवर जोर देऊन वाचतो, आणि जे शब्द सर्वांत दुबळे तेच त्याच्या तोंडी सर्वांत ठाम होतात!

तिरपेपणा हे इटॅलिकचे सार नव्हे, याची उत्तम परीक्षा विसाव्या शतकात झाली. स्टॅन्ली मॉरिसन या इंग्रज मुद्रणाभ्यासकाने 1926 साली ‘द फ्लुरन’ या वार्षिकात असे प्रतिपादन केले की, आदर्श इटॅलिक म्हणजे कलवलेले रोमनच असावे. स्वतंत्र हस्ताक्षराची आठवण त्यात नको. यान व्हान क्रिम्पेन या डच रेखाटनकाराने आपल्या ‘रोम्युलस’ या मुद्राक्षरात हे तत्त्व आचरून दाखवले. परिणाम शिस्तबद्ध आहे, पण निर्जीव आहे. तिरपा शब्द उभ्या शब्दांत मिसळून जातो. वेगळा दिसतो तो फक्त त्याच्या अस्वस्थतेमुळे. याच सुमारास एरिक गिल याने ‘जोआना’ हे अक्षर रेखाटले आणि 1931 साली आपल्याच मुद्रणविषयक निबंधासाठी ते वापरले. जोआनाच्या इटॅलिकचा कल जेमतेम तीन अंशांचा आहे. डोळ्याला तो जाणवतही नाही. तरीही ते इटॅलिक आहे हे वाचकाला क्षणात उमगते. कारण ते अरुंद आहे, त्याचे आकार निराळे आहेत, त्याची गती निराळी आहे. रोम्युलसमध्ये कल आहे पण वळण नाही, जोआनामध्ये वळण आहे पण कल जवळपास नाही. या दोहोंपैकी इटॅलिक कोणते, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात संदेह नाही.

आता या अक्षराचे जे सौंदर्य सर्वमान्य आहे त्याच्या घडणीकडे वळू. रोमन अक्षरांच्या रेघांना टोकाशी जी बारीक आडवी बोटे फुटलेली असतात त्यांना सेरिफ म्हणतात. उभ्या अक्षरात ती दगडी खांबाच्या जोत्यासारखी असतात. अक्षर तेथे थांबते. इटॅलिकमध्ये तेच सेरिफ वर वळलेल्या लहान आकड्याचे रूप घेते, कारण लेखणी तेथे थांबलेली नसून पुढच्या अक्षराकडे निघालेली असते. दुमजली ‘ए’ एकमजली होतो. ‘एफ’ ओळीखाली पाय सोडतो. अक्षरे अंग चोरून एकमेकांजवळ येतात. या सर्वांचा मिळून जो ठसा उमटतो त्याला आपण डौल म्हणतो. हा डौल कलण्यातून आलेला नाही. लोंब्यांच्या भाराने वाकलेले धान आणि अवकाळी वाऱ्याने पाडलेले धान हे दोन्ही तिरपेच असते. पण बांधीवर उभा असलेला शेतकरी दोहोंना एक म्हणणार नाही.

यापुढचा मुद्दा थोडा तांत्रिक आहे, पण माझ्या मते निर्णायक आहे. रोमन लिपी लिहिणाऱ्याची रुंद टोकाची लेखणी अशी धरलेली असते की, खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी रेघ बारीक उमटते आणि वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी रेघ जाड. देवनागरीच्या बोरूची छाट याच्या नेमकी उलट असते. आपल्या अक्षरांत उजवीकडे वर चढणारी रेघ जाड आणि उजवीकडे खाली उतरणारी रेघ बारीक. जुन्या पोथीतील ‘र’, ‘त’ किंवा ‘स’ पाहावा म्हणजे हे दिसेल. आता रोमन अक्षराचा उभा दंड उजवीकडे कलवला तर तो लेखणीच्या बारीक दिशेकडे झुकतो. म्हणून हाताने लिहिलेले इटॅलिक आपोआप हलके होते. त्याचा नाजूकपणा हा लेखणीचा प्रसाद आहे. देवनागरीचा दंड त्याच बाजूस कलवला तर तो बोरूच्या जाड दिशेकडे झुकतो. खरा बोरू घेऊन कोणी तिरपी देवनागरी लिहील तर अक्षर हलके न होता भारी होईल.

यंत्राने कलवलेल्या अक्षरात याहून विपरीत घडते. पत्त्यांचा गठ्ठा एका बाजूने ढकलावा तसे अक्षराचे सर्व थर सरकतात. या सरकण्यात उजवीकडे चढणारी रेघ लांबते आणि म्हणून बारीक होते. उजवीकडे उतरणारी रेघ आखडते आणि म्हणून जाड होते. रोमन अक्षरात यामुळे मूळचाच जाड-बारीक भेद थोडा अधिक उठून दिसतो. देवनागरीत मात्र जे जाड ते बारीक होऊ लागते आणि जे बारीक ते जाड. भेद पुसट होतो, अक्षराचा पीळ जातो. बोरूने जे केले ते यंत्र उलगडून टाकते. ‘तिरपी देवनागरी डोळ्याला का खुपते?’ या प्रश्नाला ‘सवय नाही म्हणून’ असे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. खुपण्याचे कारण अक्षरातच आहे.

त्यात शिरोरेषेची भर. रोमन अक्षरांना वरून बांधणारी आडवी रेघ नसते, म्हणून कल सर्वांगाने व्यक्त होतो. आपल्याकडे शिरोरेषा आडवीच राहते आणि तिच्याखालचे दंड तेवढे कलतात. तुळई सरळ आणि खांब झुकलेले, असे ते घर दिसते. शिवाय उकार मागच्या अक्षराच्या पायाशी सरकतो, आणि रफार व अनुस्वार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर झुकतात. ज्या लिपीत एका टिंबाने अर्थ बदलतो तीत हे परवडणारे नाही.

मग मराठीला दुसरे वळण नव्हतेच काय? होते, आणि तेही शतकानुशतकांचे. बाळबोधीच्या शेजारी मोडी होती. परंपरा तिचा संबंध यादवकालीन हेमाद्रीशी जोडते. त्या परंपरेच्या सत्यासत्यात येथे शिरण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की, इटलीत विद्वानांचे उभे अक्षर आणि दफ्तरातील जलद अक्षर यांचे जे नाते होते, तेच महाराष्ट्रात पोथीची बाळबोध आणि कचेरीची मोडी यांचे होते. प्रथम संबंध ओळ आखून घ्यावयाची आणि मग टाक शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकवीत न्यावयाची, ही मोडीची रीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिने वेगासाठी सोडला. चिटणीशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी तिची नामांकित वळणे होती. ‘वळणे’ हाच शब्द येथे योजावा लागतो हे सूचक आहे.

आणि ही मोडी धातूतही उतरली होती. विल्यम केरीच्या देखरेखीखाली श्रीरामपूरच्या छापखान्यात 1805 साली जे मराठी व्याकरण निघाले त्यात देवनागरी खिळे आहेत; पण 1810 च्या मराठी कोशासाठी मोडी खिळे वापरले गेले, कारण मराठी माणसाच्या नित्य व्यवहाराची लिपी तीच होती. ‘सिंहासनबत्तिशी’, ‘हितोपदेश’ आणि 1816 च्या सुमाराची ‘रघुजी भोसल्याची वंशावळी’ ही पंडित वैजनाथ यांच्या हातची गद्य पुस्तकेही मोडीतच छापली गेली. यातले शेवटचे पुस्तक आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. आजचा गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण त्या काळी हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. म्हणजे आपल्या राजघराण्याची हकीकत सांगणारे एक अगदी प्रारंभीचे छापील मराठी गद्य बंगालमध्ये, मोडी खिळ्यांनी, सिद्ध झाले.

मात्र एक गोष्ट झाली नाही. बाळबोध आणि मोडी या दोन वळणांना एकाच पानावर, एकाच ओळीत, परस्परपूरक म्हणून बसवण्याची कल्पना मराठी मुद्रणात रुजली नाही. पुस्तक या नाहीतर त्या लिपीत निघे. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना, गणपत कृष्णाजी आणि पुढे जावजी दादाजी यांनी जी परंपरा घडवली ती बाळबोधीची. संस्कृत ग्रंथांची मागणी, शाळाखात्याचे धोरण आणि एकमेकांत गुंतणाऱ्या मोडी अक्षरांचे सुटे खिळे पाडण्याची अडचण ही त्यामागची कारणे सहज ध्यानी येतात. मोडी हातात राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतूनही गेली. इटॅलिकला रोमनच्या पंगतीत जे पान मिळाले ते मोडीला बाळबोधीच्या पंगतीत मिळाले नाही. 2014 साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली. तोवर ती वाचणारे दफ्तरखान्यांतील मोजके अभ्यासक उरले होते.

तिरप्या अक्षरावाचून मराठी मुद्रणाचे अडले काय? मुळीच नाही, आणि येथे आपल्या जुन्या मुद्रकांच्या विवेकाचे कौतुक करावेसे वाटते. जावजी दादाजींनी 1864 साली ओतशाळा आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या अक्षरांनी त्या छापखान्याला कीर्ती मिळाली. मूळ आणि टीका, श्लोक आणि अन्वय, सूत्र आणि भाष्य यांतील भेद त्या परंपरेने आकारमानाने दाखवला. मूळ मोठ्या टाइपात, टीका लहान टाइपात. ज्ञानेश्वरीच्या कित्येक छापील प्रतींत गीतेचा श्लोक जाड व मोठा आणि ओव्या त्याखाली साध्या, ही मांडणी आपल्या डोळ्यांत बसलेली आहे. त्याही आधी पोथीलेखक हे काम रंगाने करी: ‘उवाच’ हा शब्द, श्लोकांक, अध्यायसमाप्तीची पुष्पिका तांबड्या शाईने. शब्द वेगळा काढावयाचा तर एकेरी अवतरणचिन्ह पुरे होई. रंग, आकार, जाडी आणि चिन्ह अशी चार साधने असताना पाचव्या साधनाची निकड कोणास भासली नाही. तिरपा देवनागरी टाइप छापखान्यांत अधूनमधून दिसे तो शीर्षकात, जाहिरातीत. चौकोनी खिळ्यावर कललेले अक्षर बसवले की त्याची टोके खिळ्याबाहेर लोंबतात आणि दाबाखाली तुटतात. शिरोरेषेचा सांधाही नीट जुळत नाही. म्हणून मजकुरासाठी तो वापरावा असे जुळाऱ्यालाही वाटत नसे.

धातूने जे अडवून धरले होते ते संगणकाने मोकळे केले. रा. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज 2000 बरोबर घरोघर गेला. त्यात तिरपे वळण नाही. पण कळ दाबताच संगणक त्याला ढकलून तिरपा करतो. हेच ते पत्त्यांच्या गठ्ठ्याचे ढकलणे. 2009 सालच्या विंडोज 7 मध्ये ‘कोकिला’, ‘अपराजिता’ आणि ‘उत्साह’ हे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले तीन टंक आले. त्यांना साधे, ठळक, तिरपे आणि तिरपे-ठळक अशी चार रूपे स्वतंत्रपणे दिलेली आहेत. यांत संगणकाच्या जबरदस्तीपेक्षा अधिक काळजी आहे हे निश्चित. कोकिलाचे तिरपे रूप शीर्षकात वा एखाद्या निमंत्रणात बरे दिसते. पण चार रूपांचा हा साचा रोमन टंकांचा आहे. रोमनला चार घरे असतात म्हणून देवनागरीलाही चार घरे बांधली. चौथ्या घरात कोण राहणार हे नंतर ठरवायचे!

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने मराठीच्या लिपीविषयी निर्णय काढला आणि ‘ल’ व ‘श’ या अक्षरांची मराठीला मान्य रूपे कोणती ते सांगितले. एका अक्षराच्या पाकळीसाठी इतका विचार झाला हे योग्यच झाले. तोच चोखंदळपणा तिरप्या रूपाच्या वाट्याला आला असता तर पुष्कळ गोंधळ टळला असता.

या बाबतीत सुलेखनकारांनी मुद्रकांपेक्षा पुढचे पाऊल टाकले, हे नमूद केले पाहिजे. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून देवनागरी आणि मोडी यांच्या संयोगातून ‘मुक्तलिपी’ नावाचे वळण सिद्ध केले. तिचा दृष्टिकोन बरोबर आहे: बाळबोधीला सोबतीण हवी तर ती मोडीच्या गतीतून यावी, कोन मोजून नव्हे. मात्र मुक्तलिपी भिंतीवर, मुखपृष्ठावर, भित्तिपत्रकावर शोभते. तळटीपेच्या बारीक टाइपात तिचा उपयोग नाही, आणि तिचा तसा दावाही नाही. मजकुरासाठी खरे मराठी इटॅलिक कोणी रेखाटले तर ते कसे असेल? ते बहुधा अरुंद असेल, जवळजवळ उभेच असेल, त्यातल्या गाठी सैल झालेल्या असतील आणि काना पायाशी पुढच्या अक्षराकडे किंचित वळलेला असेल. मोडीची रूपे जशीच्या तशी उचलली तर आजच्या वाचकाला ती लागणार नाहीत. उचलावयाची ती गती.

असे अक्षर हाती येईपर्यंत जे उपलब्ध आहे त्याचा उपयोग कोठे करावा, याचा विचार संशोधकाला टाळता येत नाही. दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, तांदळाच्या पोत्यावरील छाप, झाडीपट्टीतील नाटकांची भित्तिपत्रके येथे तिरपे अक्षर निःशंक वापरावे. तेथे अक्षर वाचले जाण्याआधी पाहिले जाते, आणि कल म्हणजे लगबग, उत्साह, आमंत्रण एवढा अर्थ त्यातून पोहोचतो. गोंदियाच्या बाजारपेठेतून फिरताना अशी कित्येक अक्षरे दिसतात की जी कुंचल्याने काढलेली असल्यामुळे कलूनही जिवंत राहिली आहेत. जोर देण्यासाठी तिरपे अक्षर वापरू नये. मराठीत जोर ‘च’ आणि ‘ही’ या अव्ययांनी व शब्दक्रमाने येतो, आणि ज्या वाक्याला त्यानेही जोर येत नाही ते वाक्य पुन्हा लिहावे. ग्रंथनामांना एकेरी अवतरणचिन्ह पुरते. रोमन लिपीत मराठी शब्द लिहावयाचे असतील, उच्चारचिन्हांसह, तर तेथे मात्र रोमन इटॅलिक उचित आहे, कारण ते त्या लिपीचे स्वतःचे वळण आहे. ‘तिरो देवनागरी मराठी’ या टंकाबरोबर अशी उभी आणि इटॅलिक रोमन अक्षरे उच्चारचिन्हांसह मिळतात. त्याची देवनागरी पाहताच निर्णयसागरी वळणाची आठवण होते.

राहिला बोलीच्या शब्दांचा प्रश्न. परकीय शब्द तिरपा छापावा, हा इंग्रजी मुद्रणाचा संकेत. प्रबंधलेखकाने तो नियमपुस्तिकेतून घेतला आणि ‘परकीय’ या सदरात झाडीबोली टाकली. यात हेतू वाईट नसतो. शब्द चटकन सापडावा, मुद्रितशोधकाने तो ‘शुद्ध’ करू नये, एवढाच असतो. ‘डोरा’ उभा छापला तर कोणी तो ‘डोळा’ करील ही भीती अनाठायी नाही. पण संकेताचा अर्थ लेखकाच्या हेतूवर ठरत नाही. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ करणारी ही बोली ज्यांच्या घरात बोलली जाते, त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रबंधात तिचा प्रत्येक शब्द पाहुण्यासारखा बाजूला बसवला जातो. गंमत अशी की, त्याच पानावर ‘टेबल’, ‘स्टेशन’, ‘कॉलेज’ हे शब्द उभे असतात. त्यांना परकेपणा लागत नाही! ‘बोडी’ हा लहान तलावाचा शब्द नवेगावबांधच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला असून त्याने तेथील मराठीत कोणत्या देशाहून यावे, याचे उत्तर तिरपे अक्षर देत नाही, पण प्रश्न मात्र उभा करते. पोवारी आणि गोंडी यांच्या शब्दांविषयी कोणी म्हणेल की त्या भाषा वेगळ्या आहेत, तेव्हा संकेत लागू पडतो. तर्काने ते खरे आहे. तरीही एकाच देवनागरीत दोन भाषा लिहिताना त्यांपैकी एकीचेच अक्षर बिघडवावे, हे मला मान्य होत नाही. आणि बिघडवावे हा शब्द येथे अलंकारिक नाही, त्याचे कारण वर बोरूच्या संदर्भात दिले आहे.

यावर असा आक्षेप येईल की, गेली कित्येक वर्षे वाचक तिरपी देवनागरी वाचत आले आहेत, रूढी पडली आहे, आता तिला हलवण्यात काय साधणार? रूढी पडली हे अर्धसत्य आहे. वर्तमानपत्रे आणि चांगले प्रकाशक मजकुरात तिरपे अक्षर क्वचितच वापरतात. ते रुजले आहे मुख्यतः प्रबंधांत आणि परिपत्रकांत, म्हणजे जेथे लेखकच जुळारी आहे आणि कळ त्याच्या बोटाखाली आहे तेथे.

व्यवहारात करावयाचे ते फार नाही. बोलीतील शब्द प्रथम येईल तेथे एकेरी अवतरणचिन्हात द्यावा, त्याचा अर्थ लगेच सांगावा आणि पुढे तो उभाच चालवावा. शेवटी शब्दसूची जोडावी आणि मुद्रितशोधकासाठी तीच प्रमाण मानावी. दंडारीची संहिता संपादित करणाऱ्याने तर क्रम उलटाच करून पाहावा. संवाद आणि गाणी झाडीबोलीत, पूर्ण आकाराच्या उभ्या टाइपात. संपादकाच्या प्रमाण मराठीतील रंगसूचना, पाठभेद आणि खुलासे लहान टाइपात. तिरप्या अक्षराची फारच हौस असेल तर ती या सूचनांवर भागवावी. तेथे बोलणारा पात्र नसतो. तो बाहेरून आलेला, पडद्याआडून सांगणारा असतो.